उंबऱ्याबाहेरचे बूट

आजारपणातून उठलेल्या माणसाने लिहायला घेतलं की सुरुवातीलाच सांगायचं असतं, ‘माझ्यासारख्या इतरांना धीर यावा म्हणून हे लिहिते आहे.’ धीर आला तर चांगलंच. पण मी लिहायला बसले आहे ती रागाने. राग आजारावर नाही. आजार कोणालाही होतो, तो काही माझा पत्ता विचारत आला नव्हता. राग बुटांच्या एका जोडीवरून आहे. कोणावर आहे, ते वाचता वाचता कळेल.

मी रोह्याच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. आमचं घर वरसेला, रोह्याला लागूनच. हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर. मुलगा पुण्याला शिकायला. सासूबाई आमच्याजवळ. दीर आणि जाऊबाई पेणला, घरचा गणपतीही त्यांच्याकडेच. घरकामाला हिराबाई यायच्या, वरसेतल्याच. एवढीच माणसं आहेत या गोष्टीत.

पायाखाली खडी

पहिल्यांदा हाताची बोटं आखडली. सकाळी दुधाची पिशवी फाडता येईना, ओलं फडकं पिळता येईना. खडू धरला की अंगठ्यातून कळ यायची. मग पाय. अंथरुणातून उठून पाय खाली टेकवला की वाटायचं, रात्रीतून कोणीतरी लादीवर खडी पसरून गेलंय. तासाभराने जरा सैल व्हायचं आणि मग मी म्हणायचे, चला, आज बरं आहे. असं म्हणत म्हणत वर्ष काढलं.

रोह्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला माझ्या आजाराचं नाव माहीत होतं. वात आहे. कॅल्शियम कमी पडतंय. पाळी जायचं वय झालं, आता असंच चालायचं. स्टाफरूममधल्या एका बाईंनी तर सांगून टाकलं, ‘तुम्ही फार विचार करता हो.’ तेलं झाली, काढे झाले, नागोठण्याच्या एका माणसाच्या पुड्या झाल्या. पुड्या होत्या तोवर मी जिने चढत उतरत होते. त्या संपल्या आणि मला बिछान्यातून उठताच येईना. तेव्हा कुठे आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली.

निदानाचा दिवस

पहाटेच्या एसटीने गेलो. केसपेपर, रांग, बाकडं, पुन्हा रांग. शेवटी आत गेले तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीणबाई, माझी विद्यार्थिनी शोभेल अशा वयाची. तिने मला खाटेवर बसवलं, पायाच्या बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी धरलं आणि अगदी हलकं दाबलं. मी अशी ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. रक्ताचे रिपोर्ट नंतर आले. तिला ओळखायचं ते तिने तेवढ्यावरच ओळखलं होतं.

‘आमवात म्हणतात तो हा,’ ती म्हणाली. ‘पूर्ण जात नाही. ताब्यात ठेवता येतो.’

ह्यांनी विचारलं, ‘गोळ्या किती दिवस?’

‘कायम.’

ह्यांनी मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. ‘आणि एक गोष्ट. आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा नाही, मोरीतसुद्धा नाही. पायाची पुढची हाडं सरकायला लागली आहेत. खाली जाड, मऊ आणि पायाला धरून ठेवणारं काहीतरी सतत हवं. आत्ता सांभाळलंत तर वर्गात उभं राहून शिकवाल. नाही सांभाळलंत, तर पुढे माझ्या हातात फारसं काही उरणार नाही.’

परत येताना वडखळला गाडी थांबली. हे खाली उतरून बटाटेवडे घेऊन आले. ‘खा,’ म्हणाले, ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस.’ मी वडा हातात धरून बसून राहिले. कायमचा आजार, कायमच्या गोळ्या, हे सगळं डोक्यात शिरायला दोन दिवस गेले. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर होता फक्त आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा.

आमच्याकडे चपला पडवीत काढतात. तसं सगळ्यांकडेच काढतात. पण आमच्या स्वयंपाकघरात देव्हारा होता, आणि सासूबाईंच्या लेखी त्या उंबऱ्याच्या आत पायातलं काही नेणं म्हणजे देवालाच पाय लावणं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती घरातसुद्धा नाही. आणि बाईमाणूस घरात उभं असतं ते कुठे असतं, हे तिला मी काय सांगणार?

वॉर्डात

गोळ्यांनी पहिल्या काही महिन्यांत फरक पडेना, तेव्हा तीन आठवडे दाखल करून घेतलं. सकाळी उजाडायच्या आत थर्मामीटर, मग चहा-पाव, मग रक्त, मग डॉक्टरांचा घोळका. शेजारच्या खाटेवर पनवेलकडच्या एक बाई होत्या. त्यांच्या हातांची बोटं सगळी एका बाजूला झुकलेली. लेक त्यांना भात भरवायची. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला त्यांची भीती वाटायची. त्या हसून बोलायला लागल्या की मी डोळे मिटून पडायचे.

एक मात्र होतं. वॉर्डाच्या सिस्टर दांडग्या होत्या. कोणी खाटेवरून पाय खाली सोडला की लांबून हाळी यायची, ‘चप्पल डालो! टीचर, चप्पल डालो पहले!’ त्या फरशीवर मी आयुष्यात पहिल्यांदा आतल्या आत चप्पल घालून फिरले. बाथरूमपर्यंत, खिडकीपर्यंत, औषधांच्या टेबलाजवळ भिंतीवर दत्ताची तसबीर होती तिथपर्यंतसुद्धा. दत्ताने काही तक्रार केली नाही. डिस्चार्जची तारीख ठरली तेव्हा मला घरी जावंसं वाटेना. हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

निघायच्या आधी खाली, चपला बनवायच्या खोलीत पाठवलं. तिथल्या माणसाने कागदावर माझ्या पावलाची आकृती काढली आणि काळ्या मऊ रबराच्या, रुंद पट्ट्यांच्या सँडल पुढे ठेवल्या. घालून उभी राहिले आणि दुखणं निम्म्यावर आलं. ह्यांनी त्या माझ्या पायातून काढून परत ठेवल्या.

‘ह्या नकोत.’

‘का?’

‘का काय? कोणाला देतात ह्या, माहीत नाही तुला? पेणच्या स्टँडवर बसतात त्यांच्या पायात बघितल्या नाहीस कधी? उद्या रोहाभर बोभाटा होईल.’

त्या रोगाचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. ज्यांना कुष्ठरोग झाला त्यांनी आपलं काय वाकडं केलंय, आणि त्यांच्या पायाला जे मानवतं ते माझ्या पायाला का चालत नाही, असं मी विचारलं. हे पिशवी उचलून दाराकडे वळले. तो माणूस बिचारा सँडल पुसून परत फळीवर ठेवत होता. त्याला हे रोजचंच असावं.

पेणचं दुकान

शाळेत मला लंगडताना सगळ्यांनी पाहिलं. काय करायचं ते सांगितलं एकट्या पाटील सरांनी. पाटील सर आमचे पीटीचे शिक्षक, धरमतरकडचे.

‘बाई, पळायचे बूट घ्या,’ ते म्हणाले. ‘जाड तळाचे.’

मला हसू आलं.

‘हसता काय? पळताना पायावर मार बसतो, तो मार बूट खातो. तुम्हाला नुसतं उभं राहिलं तरी मार बसतोय. मग बूट घालायला नको?’ आणि मग त्यांनी मला बूट कसे निवडायचे ते शिकवलं, तासावर शिकवतात तसं. ‘सकाळी घ्यायचे नाय. पाय संध्याकाळी सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. टाचेला आत अंगठ्याने दाबा, दबला पायजे आणि सोडल्यावर वर आला पायजे. नुसता दबून बसला तर ठेवून द्या. चवड्यात वाकला पायजे, मधे वाकला तर घेऊ नका. आणि बोटांच्या पुढं जागा सोडा.’ मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. ‘माझा बाप मिठागरावर होता, बाई. मिठाने चिरलेले त्याचे पाय बघत वाढलोय मी. पायांची हेळसांड करू नका.’

रोह्यात तसले बूट मिळाले नाहीत, म्हणून पेणला गेलो, मुद्दाम संध्याकाळी. दुकानदाराने मला बघून लेडीज चपलांचे खोके काढायला घेतले.

‘पळायचे बूट दाखवा,’ मी म्हटलं.

‘कोणासाठी?’

‘मुलासाठी,’ हे म्हणाले.

‘माझ्यासाठी,’ मी म्हटलं.

हे दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्या साडीच्या काठाखाली बघायला लागली. बायकांच्या मापात तसा बूट नव्हताच. बायका पळत नाहीत, असं कंपन्यांचंही मत असावं. शेवटी पुरुषांचे सहा नंबर काढले. पहिल्या जोडीची टाच दबली ती वर येईचना. दुसरी दगडासारखी. तिसरी पांढरी, बाजूला भडक लाल पट्टा असलेली. माझ्या अंगठ्यात दाबण्याइतकाही जोर नव्हता, म्हणून मी दुकानदारालाच दाबायला लावलं. ‘दबतो आणि उठतो बघा, ताई,’ तो म्हणाला.

मी ते घातले, उभी राहिले आणि आरशापर्यंत चालत गेले. खडी नव्हती. दीड-दोन वर्षं रोज पायाखाली होती ती खडी तिथे नव्हती. मी त्या दुकानात, सगळ्यांसमोर रडले.

दुकानदार घाबरला. ‘चावतो काय?’

‘नाही हो,’ मी म्हटलं. ‘चावत नाही.’

नाडी बांधायला माझी बोटं वळत नव्हती. तीही तोड पाटील सरांनीच काढली. शिंप्याकडून रुंद इलॅस्टिक आणून नाडीच्या जागी ओवलं. मग बूट नुसता पाय सरकवला की चढायचा आणि तसाच उतरायचा.

शाळेत पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात खसखस पिकली. स्टाफरूममध्ये ‘काय, ऑलिंपिकला का?’ झालं. साडीवर बूट घालणारी बाई रोह्याने त्याआधी बघितली नसावी. पण मी तास उभी राहून घेत होते. जगाच्या नकाशापासून शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत येत होते. मुलं आठवड्याभरात बूट विसरली, मोठ्यांना जरा जास्त दिवस लागले.

उंबऱ्याच्या आत

घरी बूट आधी पडवीतच राहिले. मी सांगून पाहिलं. घरासाठी वेगळी जोडी आणते, ती कधी बाहेर घालणार नाही. यात चामडं नाही, कापड आणि रबर आहे. धुऊन घेते. सासूबाई चिडल्या नाहीत, त्या कधीच चिडत नसत. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बाकी घरात घाल गो बाई. स्वयंपाकघर तेवढं सोड. पायातलं ते पायातलं.’

ह्यांना विचारलं. ‘आईचं वय झालंय,’ हे म्हणाले. ‘स्वयंपाकघरच तर आहे. तेवढं ऐक तिचं.’

स्वयंपाकघरच तर आहे! सकाळी उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत आणि शाळेतून आल्यापासून जेवणं आटोपेपर्यंत मी होते कुठे? सकाळचीच वेळ माझ्या पायांची सगळ्यात वाईट. त्याच वेळी मी शहाबादी लादीवर अनवाणी उभी राहून ह्यांचा डबा भरत होते. मऊ बूट घालून मी जायचे ती हॉलमधून बेडरूममध्ये.

हे सगळं रोज डोळ्यांनी बघत होत्या त्या हिराबाई. सासूबाई संध्याकाळी देवळात जायच्या. एक दिवस त्यांची पाठ वळताच हिराबाईंनी उंबऱ्याबाहेरचे बूट उचलून आणले, ओल्या फडक्याने तळ पुसले आणि माझ्या पायांशी ठेवले.

‘घाला गो बाय.’

‘अहो, आईंना कळलं तर?’

‘मी हाय ना दारात. मी काय सांगाची नाय.’

तेव्हापासून संध्याकाळचा अर्धा स्वयंपाक मी बुटांत केला. हिराबाई अंगण झाडायच्या, झाडलेलंच पुन्हा झाडायच्या. लांबून सासूबाई दिसल्या की आवाज यायचा, ‘आल्या गो, आल्या!’ मी इलॅस्टिकच्या बुटांतून पाय ओढायचे आणि बूट मागच्या दारी ठेवून पोळी उलटायला यायचे. चाळिशी उलटलेली, मुलांना शिस्त लावणारी बाई मी, आणि स्वतःच्या घरात चोरून बूट घालत होते. तेव्हा आम्ही दोघी हसायचो. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

गणपतीत

भाद्रपदात दरवर्षीप्रमाणे पेणला जायचं ठरलं. पाच दिवसांचा गणपती, गौरी, माणसांचा राबता. मी बूट धुऊन पिशवीत घातले आणि प्रवासापुरत्या साध्या चपला चढवल्या. तिथल्या स्वयंपाकघरात चालणार नाहीत हे ठाऊक होतं, पण उरलेल्या वेळी तरी पायात असतील, एवढीच आशा होती. पेणला पोचून पिशवी उघडली तर बूट नव्हते. साड्यांखाली बघितलं, दुसऱ्या पिशवीत बघितलं.

‘मीच काढून ठेवले,’ हे म्हणाले. ‘गणपतीच्या घरात साडीवर ते लाल पट्ट्याचे बूट घालून मिरवणार होतीस का? सगळे पाहुणे असतात. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.’

‘डॉक्टरांनी काय सांगितलंय?’

‘डॉक्टर सगळ्यांना सगळंच सांगतात.’

माझ्या चपला पडवीत, जाऊबाईंची चप्पल होती ती मोरीपुरती. बाकी पाच दिवस मी अनवाणी होते. आणि गणपतीतलं स्वयंपाकघर म्हणजे काय, ते कोकणातल्या बायकांना सांगायला नको. सांडलेल्या पाण्याने ओली लादी, उकडीचा वाफारा, एक पंगत उठायच्या आत दुसरीची पानं. जाऊबाई म्हणायच्या, ‘अगं, तू बस बाई, तुझे पाय दुखतात ना,’ आणि मी बसले की पुढ्यात नारळाची टोपली आणून ठेवायच्या. ते झालं की वाढायला उभी. गणपतीवर माझा राग नाही. त्याला यातलं काही नको होतं.

गौरीच्या जेवणाला आमटीचं पातेलं घेऊन पंगतीत वाढत होते. उजव्या पायात पुढे, बोटांच्या मुळाशी, काहीतरी सटकलं. आवाज झाला की नाही सांगता येणार नाही, मला मात्र तो आतून ऐकू आला. डोळ्यांपुढे काळोख आला. पातेलं मी सोडलं नाही. शेवटच्या पानापर्यंत वाढलं आणि मग भिंत धरून खाली बसले. आमटीचा थेंब सांडला नाही याचं जाऊबाईंना फार कौतुक. अजून सांगतात.

पुन्हा हॉस्पिटल

तीच डॉक्टरीणबाई. तिने पायाचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला आणि एका हाडाशी पेनाचं टोक टेकवलं.

‘बूट घालत होतात ना?’

‘हो, हो,’ हे म्हणाले. ‘रोज. घरातसुद्धा.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात मला ह्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘स्वयंपाकघरात कधीच नाही. आणि हे पाच दिवस तर अजिबात नाही. घरी गणपती होता.’

तिने ह्यांच्याकडे बघत विचारलं, ‘गणपतीने सांगितलं होतं का, अनवाणी राहा म्हणून?’

उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांना करून घ्यायचं आहे त्यांनी घाबरू नये. भूल चांगली असते आणि सिस्टर त्याच होत्या. ‘टीचर, चप्पल डालो’ ऐकलं आणि मला भरून आलं. पनवेलच्या त्या बाईंची लेक एकदा केसपेपरसाठी आली होती, मला बघून थांबली, ‘औषधांनी आईचे हात आता थोडे चालतात,’ म्हणाली आणि आईने करून दिलेला लाडूंचा डबा माझ्या उशाशी ठेवून गेली. त्या वाकड्या बोटांनी वळलेले लाडू. या वेळी मी डोळे मिटून घेतले नाहीत.

पाय वाचला, असं सगळे म्हणाले. वाचला म्हणजे काय, तर आहे. पुढची बोटं जमिनीला टेकत नाहीत. थोडा वेळ उभी राहिले की घोट्यापर्यंत ठणका लागतो. शाळेने माझे तास काढून घेतले आणि मला वाचनालयात बसवलं. मुख्याध्यापक चांगुलपणानेच म्हणाले, ‘बाई, तुम्हाला सोपं जाईल.’ वाचनालयाच्या खिडकीतून माझा आठवीचा वर्ग दिसतो. नवे सर नकाशाला पाठ करून पुस्तक वाचून दाखवतात.

खुर्ची

ऑपरेशननंतर घरात तडजोड झाली. बूट आता काढायचेच नाहीत, हे सगळ्यांना पटलं. म्हणून मला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं बंद झालं. उंबऱ्याबाहेर एक खुर्ची ठेवली. मी तिथे बसून भाजी चिरायची, कणीक मळायची आणि परात आत सरकवायची. बुटांची टोकं उंबऱ्याला लागणार नाहीत इतपत अंतर ठेवायचं. पूर्वी महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचे, तशीच. वयाने ते चार दिवस सुटले होते, बुटांनी बारा महिन्यांचं बसणं आणलं. सासूबाईंना त्यात गैर काही वाटत नव्हतं. त्या आतून प्रेमाने विचारायच्या, ‘पाठीला उशी देऊ का गो?’

पुढच्या थंडीत ह्यांची टाच दुखायला लागली. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना कळ यायची. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, टाचेचं हाड वाढलंय, घाबरण्यासारखं काही नाही, मऊ चपला वापरा.

मऊ चपला त्याच संध्याकाळी आल्या. हिराबाईंना बाजारात पाठवून सासूबाईंनीच आणवल्या होत्या. निळ्या, जाड, स्पंजच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खुर्चीत, मांडीवर परात घेऊन कोथिंबीर निवडत होते. हे त्या चपला घालून आले, माझ्या खुर्चीला वळसा घालून उंबरा ओलांडून आत गेले, आणि देव्हाऱ्याच्या समोरच्या पाटावर चहाला बसले. पायात चपला होत्या. सासूबाईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला. ‘काढू नकोस हो त्या,’ म्हणाल्या, ‘लादी गार आहे.’

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघते आहे.

‘आई,’ मी म्हटलं, ‘ह्यांच्या पायात चपला आहेत.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. त्यांना खरंच माझं म्हणणं कळलं नव्हतं.

‘अगो, त्याची टाच दुखते ना,’ त्या म्हणाल्या.

हे कपात बघत होते.

मी परात खाली ठेवली. खुर्चीचा हात धरून उभी राहिले आणि बुटांसकट उंबरा ओलांडला. आधी डावा पाय, मग उजवा. लाल पट्टा आता मळून तपकिरी झाला होता. देव्हाऱ्याजवळून गॅसपाशी गेले. मागे मोरीत भांडी घासणाऱ्या हिराबाईंचा हात थांबला. मी वाट बघत होते. कोणीतरी ओरडेल, निदान ‘अगं’ म्हणेल.

सासूबाईंनी माझ्या वाटेतून पदर जरा आवरून घेतला आणि पातेल्यातला उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला.

‘घे,’ त्या म्हणाल्या, ‘गार होईल.’

इतकंच होतं. ज्याच्यासाठी माझा पाय गेला आणि वर्ग गेला, ते एका सकाळी चहा ओतता ओतता संपलं. ते आधीही असंच संपलं असतं का, हे मला ठाऊक नाही. मी आधी विचारत बसले होते. तुमच्यापैकी कोणाला डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून सांगितलं असेल, तर संध्याकाळी दुकानात जा, टाच दाबून बघा, बोटांपुढे जागा सोडा, बूट घाला आणि सरळ आत जा. घरात कोणाला विचारू नका.

हिराबाईंनी आत स्टूल आणून दिलं. मी बसले नाही. तो चहा मी उभ्यानेच, संपेपर्यंत प्यायले. पाय दुखत होता.